श्रीलंका नाहीतर इथिओपियात गाड्यांची एजन्सी : लातूरच्या डीलरनं उतरावं का?

मांजराकाठ (लातूर)

मंडळी, धंद्याचा प्रश्न आहे, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमची लातूरला चारचाकीची डीलरशिप, उदगीर आणि अंबाजोगाईला छोटी शोरूम. आप्पांनी उभी केली, आता मी आणि चुलतभाऊ (दादा) बघतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी गप्प बसावं.

आमच्याकडं गाडी जाते ती दसरा ते पाडवा, आणि तीही सोयाबीनला भाव असला तर. २०२४ ला हमीभाव ४८९२ रुपये आणि आडतीवर पट्टी निघायची चार हजाराच्या आसपास. बुकिंग केलेले लोक ॲडव्हान्स परत मागायला आले. यार्डात उभ्या गाडीवर बँकेचं व्याज मात्र सुट्टी घेत नाही. दादाचं म्हणणं असं की एका पिकावर आणि एका कंपनीवर किती दिवस बसून राहायचं?

पुण्यात डीलर लोकांच्या बैठकीत त्याला कोलंबोची एक पार्टी भेटली. श्रीलंकेनं मार्च २०२० मध्ये गाड्यांची आयात बंद केली होती. खासगी गाड्यांसाठी ती १ फेब्रुवारी २०२५ पासून उघडली. पाच वर्षांची मागणी तुंबलीय, भारतातून गाड्या आणू, शोरूम आमचं, निम्मं भांडवल तुमचं, असा प्रस्ताव आहे. त्याच माणसाच्या ओळखीतून अदिस अबाबाचंही निघालं. इथिओपियानं एप्रिल २०२४ मध्ये आयात-निर्यात, घाऊक आणि किरकोळ व्यापार परदेशी गुंतवणूकदारांना खुला केला. खतं आणि इंधनाची आयात तेवढी वगळली.

आप्पांचं उत्तर एकाच वाक्यात: "निलंग्याच्या गिऱ्हाइकाकडून वसुली होईना अन् कोलंबोत कुठं निघालात?"

ज्यांनी बाहेर काम केलंय त्यांनी सांगा. उत्साह वाढवणारं नको, खरं ते सांगा.

शेंद्रा_बायपास

एकच विचारतो. गाडी कुणाची विकणार? तुमच्या कंपनीची म्हणत असाल तर तिच्या निर्यात विभागाचं पत्र आहे का कोलंबोवाल्याकडं? डीलरच्या करारात हद्द ठरलेली असते. लातूरच्या कोट्यातली गाडी उचलून तुम्ही सोलापुरातसुद्धा बोर्ड लावून विकू शकत नाही, कोलंबो लांब राहिलं. बाहेरच्या देशात कंपनी आपला वितरक स्वतः नेमते. बहुतेक ठिकाणी तो कधीचाच नेमलेला असतो.

मांजराकाठ

पत्र बघितलं नाही. तो म्हणतो "बोलणं चालू आहे".

शेंद्रा_बायपास

मग तुमचंही बोलणंच चालू ठेवा. पैसे नको.

क्रांतीचौक_७५

विषयांतराबद्दल माफी, पण आपल्या भागाला गाड्यांच्या बाबतीत कुणी कमी समजू नये. ऑक्टोबर २०१० मध्ये याच संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, दीडशेच्या आसपास मर्सिडीज एका दिवसात उचलल्या होत्या. पासष्ट कोटींचा सौदा. सगळ्यांनी मिळून घासाघीस केली म्हणून तो भाव मिळाला. तसे मराठवाड्यातले दहा डीलर एकत्र येऊन कोलंबोत का जात नाहीत?

जालना_मोंढा

कारण गिऱ्हाईक एकत्र येतं, डीलर येत नाहीत. एका गल्लीतले दोन डीलर एका लग्नात शेजारी जेवायला बसत नाहीत, माहीत आहे ना?

औंढ्याचा_मुसाफिर

मी हिंगोली जिल्ह्यातला. पूर्व आफ्रिकेत गाड्यांच्या वितरणात बरीच वर्षं काढली, पगारी नोकर म्हणून, मालक म्हणून नाही. त्यामुळं नुकसान माझं नव्हतं, पण झालेलं जवळून बघितलंय.

आधी इथिओपिया. तिथं वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते, म्हणजे स्टिअरिंग डावीकडं. तुमच्या यार्डातली एकही गाडी तिथं चालणार नाही. भारतातले कारखाने डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या बनवतात, पण त्या थेट बंदरावर जातात, डीलरच्या हातून नाही. दुसरं, २०२४ च्या सुरुवातीला त्या देशानं पेट्रोल-डिझेलच्या मोटारींची आयातच बंद केली. इंधनाला डॉलर जातात आणि धरणाची वीज घरची, हा त्यांचा हिशोब. नाईलवरचं ५१५० मेगावॅटचं धरण सप्टेंबर २०२५ मध्ये रीतसर सुरूही झालं. म्हणजे तुमच्यासाठी दार उघडलं ते फक्त विजेच्या गाड्यांचं, आणि त्या दारात चिनी माल आधीच उभा आहे.

आता चलन. इथं माणूस मरतो. जुलै २०२४ च्या शेवटी इथिओपियानं आपल्या चलनाचा, बिरचा, भाव बाजारावर सोडला. तोवर डॉलरला ५७ च्या आसपास होता, वर्ष सरेपर्यंत १२० च्या वर गेला. कागदावर मांडून बघा. दहा हजार डॉलरची गाडी तुम्ही उधारीवर आणली, ५.७ लाख बिर धरून तिची किंमत ठरवली, बुकिंग घेतलं. पुरवठादाराचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्याच गाडीला १२ लाख बिर लागतात. कर, भाडं, पगार अजून धरलेच नाहीत. गिऱ्हाइकाला दुप्पट पैसे मागाल तर तो भांडेल, नाही मागाल तर तुम्ही बुडाल. आणि हे झालं डॉलर मिळत असले तर. त्याआधीची कित्येक वर्षं तिथले आयातदार एलसी (पुरवठादाराला पैसे मिळतील असं बँकेचं हमीपत्र) उघडायला बँकेच्या रांगेत महिनोन्महिने थांबायचे.

माल उतरतो तो जिबूतीला, दुसऱ्या देशात, कारण इथिओपियाला समुद्रच नाही. तिथून अदिसपर्यंत साडेसातशे किलोमीटर रेल्वे किंवा ट्रक. वाटेत आरसा फुटला तर तो कुठून आणणार? हा प्रश्न फालतू वाटतो, पण शोरूममधली गाडी एका आरशासाठी थांबून राहते आणि तिच्यावर व्याज चढत राहतं.

केनियात स्टिअरिंग उजवीकडं, इंग्रजी चालतं, म्हणून आपले लोक तिकडं आकर्षित होतात. पण तिथं तुमचा स्पर्धक दुसरा डीलर नाही, आठ वर्षांपर्यंतची जुनी जपानी गाडी आहे. मोंबासाला जहाजातून उतरते, तिचे सुटे भाग नैरोबीच्या प्रत्येक गल्लीत मिळतात आणि विकताना भाव येतो. नवी भारतीय गाडी त्याच किमतीत दिली तरी गिऱ्हाईक विचारतं, पाच वर्षांनी हिला कोण घेईल? या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडं आहे त्यानं एजन्सी घ्यावी.

मांजराकाठ

मुसाफिर दादा, मनापासून धन्यवाद. इथिओपिया कटाप. श्रीलंकेत तर स्टिअरिंग उजवीकडं, पेट्रोल चालतं, जवळ आहे. तिथं काय अडचण?

औंढ्याचा_मुसाफिर

तिथं मी काम केलेलं नाही, म्हणून बाहेरून दिसतं तेवढंच सांगतो. बंदी कशामुळं आली होती ते आधी बघा. डॉलर संपले म्हणून. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी परकीय कर्जाची परतफेड थांबवली. त्या वसंतात त्यांचा रुपया डॉलरला दोनशेवरून साडेतीनशेच्या पुढं गेला. आता आयात उघडली ती डॉलर जमले म्हणून. उद्या गाड्यांवर फार डॉलर जायला लागले तर सरकार पहिला हात याच नळाला घालणार. म्हणजे तुमचा धंदा जितका जोरात चालेल तितका तो बंद पडायचा धोका वाढतो. असा धंदा दुसरा मला माहीत नाही.

जालना_मोंढा

कामून घाबरवायलेत त्या पोराला? जालन्याचं बियाणं देशभर गेलं, जालन्याची सळई गेली. तेव्हा कुणी विचारलं नाही, बिहारात पाऊस पडंल का म्हणून. धंदा म्हणलं की जोखीम आलीच. सगळे सीएला विचारून निघाले असते तर मोंढ्यात एक दुकान उघडलं नसतं. पाच वर्षं गाडी मिळाली नाही त्या गिऱ्हाइकाला आज गाडी पाहिजे. चिनी लोक आकडेमोड करत बसले का?

औंढ्याचा_मुसाफिर

मोंढावाले काका, चिनी कंपनी बुडाली तर तिच्या मागं कोण आहे आणि मांजराकाठच्या मागं कोण आहे, एवढाच फरक. आणि चिनी लोकांचंही सगळं सुरळीत झालं नाही. श्रीलंकेत विजेच्या गाडीचा कर मोटरच्या किलोवॅटवर लागतो. २०२५ मध्ये एका चिनी कंपनीच्या गाड्या कस्टम्सनं याच कारणावरून अडवल्या. कागदावर लिहिलेली मोटरची ताकद खरी आहे का, हा वाद कोर्टापर्यंत गेला. मोठ्या गटाचा वितरक होता म्हणून तो झेपला.

निवृत्त_शाखाधिकारी

पंचवीस-तीस वर्षं बँकेत वाहनकर्जं पाहिली म्हणून दोन शब्द.

तुम्ही सगळे परदेशाचं बोलताय. १९९१ नंतर आपला देशच नवा उघडलेला बाजार होता. १९९३ मध्ये मोटार उद्योगावरचा परवाना गेला आणि रांग लागली. देवू आली, प्यूजो प्रीमियरबरोबर कल्याणला आली, ओपेल आली. प्यूजोच्या ३०९ साठी लोकांनी आधी पैसे भरून नंबर लावले होते. काही वर्षांत ती कंपनी निघूनही गेली. देवू तिच्या कोरियातल्या दिवाळखोरीबरोबर बुडाली. या गाड्यांवर आम्ही कर्जं दिली होती. कर्जदाराचा हप्ता चालू आणि गाडी दारात विटांवर, असे फोटो फाइलला लावलेले मला आठवतात. गाडी वाईट नव्हती. ज्या गावात घेतली त्या गावात तिचा भाग मिळत नव्हता, एवढंच.

ह्युंदाई त्याच काळात आली. १९९६ ला कंपनी, १९९८ ला सँट्रो. ती टिकली. आपल्या भागात तिची विचारपूस सुरू झाली ती जाहिरात बघून नाही, सर्व्हिस जवळ आली तेव्हा. अगदी अलीकडं, २०१७ मध्ये जनरल मोटर्सनं आणि २०२१ मध्ये फोर्डनं इथली विक्री गुंडाळली, तेव्हा डीलर लोक शोरूमचं कर्ज घेऊन मागं राहिले. डीलर संघटनेनं आवाज उठवला, वाटाघाटी झाल्या. पण त्या आपल्या देशात, आपल्या कोर्टात, आपल्या भाषेत झाल्या. कोलंबोत असं झालं तर लातूरच्या माणसानं कुणाच्या दारात जायचं?

म्हणून माझा प्रश्न जालन्याच्या गृहस्थांना नाही, कोलंबोच्या पार्टीला आहे. बंदीच्या पाच वर्षांत तुम्ही काय खाल्लं? गाडी येत नव्हती तेव्हा शोरूमचं भाडं आणि पोरांचे पगार कुठून दिले? त्या पाच वर्षांचे ताळेबंद मागवा. माणूस त्यातच कळतो.

वाळूज_एल_सेक्टर

शाखाधिकारी साहेब, लाखमोलाचं बोललात. उदाहरण आमच्या दारातलंच आहे. बजाजची तीनचाकी वाळूजमध्ये बनते आणि श्रीलंकेत ती कित्येक वर्षांपासून डेव्हिड पीरिस नावाची कंपनी विकते. तिकडं आयात थांबली तरी रस्त्यावरच्या लाखो तीनचाक्या थांबल्या नाहीत. त्यांना क्लच प्लेट लागते, ब्रेक शू लागतात, केबल लागते. आणि त्या गटाची स्वतःची कर्ज देणारी कंपनीसुद्धा आहे. गाडी विकणं हा त्यांच्या धंद्याचा एक कप्पा झाला.

आमचं छोटं युनिट आहे, रबरी भाग आणि बुश बनवतो. माझा सल्ला असा की गाडी नका पाठवू, सुटे भाग पाठवा. कमी भांडवल, बंदीचा धोका कमी, आणि माल आपल्याच वाळूज-शेंद्र्यातला.

नांदेड_सीएताई

वाळूजचे दादा, कल्पना चांगली आहे पण दोन पाचरी आहेत. कंपनीच्या खोक्यातला जेन्युइन भाग डीलर स्वतःच्या मनानं निर्यात करू शकत नाही, तिथंही कराराची हद्द आहेच. तुमच्यासारख्या युनिटचा स्वतःच्या नावाचा माल चालेल. दुसरी गोष्ट भूगोलाची. तुतिकोरीनहून कोलंबो समुद्रानं जवळजवळ शेजारच्या गल्लीत आहे. आपला कंटेनर माळीवाड्याच्या कंटेनर डेपोतून न्हावाशेवा बंदराला पोचून जहाजाची वाट बघत असेल तेव्हा तमिळनाडूच्या माणसाचा माल उतरून बिलसुद्धा झालेलं असेल. भावात त्याला हरवणं अवघड.

आता मांजराकाठ यांच्यासाठी. भागीदारीत भांडवल टाकणं म्हणजे परदेशी गुंतवणूक, त्याला ऑगस्ट २०२२ चे नियम लागू होतात. तुमची डीलरशिपची कंपनी असेल तर तिच्या नेटवर्थच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं त्याच्या) चारपटीपर्यंत रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी न घेता, आपल्या बँकेमार्फत जाता येतं. ऐकायला मोकळं वाटतं. पण लोक एक विसरतात: तुम्ही कोलंबोच्या बँकेला हमी दिलीत तर ती हमीसुद्धा याच मर्यादेत मोजली जाते. आणि पार्टी नेमकी हमीच मागणार, कारण तिथल्या बँका नव्या आयातदाराला उघड्या हातानं एलसी देणार नाहीत. हमी कागदावर शून्य रुपयांची दिसते. फिरली की लातूरचं शोरूम घेऊन जाते.

दादा वैयक्तिक नावानं पैसे पाठवतो म्हणत असेल तर वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि दहा लाख रुपयांच्या वर वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. रिटर्नमध्ये जुळवून मिळतो, पण तोवर रक्कम अडकते, आणि तुमच्या धंद्यात अडकलेल्या रकमेचं व्याज काय पडतं ते तुम्हीच वर लिहिलंय. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी कंपनीचा कामगिरी अहवाल भरावा लागतो. त्यासाठी तिथले हिशोब वेळेवर हातात यायला हवेत. भागीदार हिशोब देईना म्हणून इथला माणूस दोषी ठरला, अशी प्रकरणं माझ्या टेबलावर आली आहेत. शिवाय यार्डातल्या गाड्यांवर ज्या बँकेचं कर्ज आहे तिचं मंजुरीपत्र काढून वाचा. बाहेर गुंतवणूक करण्याआधी विचारा, अशी अट त्यात बहुधा असतेच.

जालना_मोंढा

ताई, तुमचं पटलं. पण मग आपण कधी बाहेर जायचंच नाही का? शेंद्रा-बिडकीनला टोयोटानं जुलै २०२४ ला करार केलाय, उद्या इथून गाड्या जगात जातील. समृद्धी झाली. तरी आपला डीलर लातूर-उदगीरच करत बसणार?

शेंद्रा_बायपास

कारखाना आला म्हणून निर्यात डीलरची होत नाही हो. बरं, मोठे कसे जातात ते बघा. स्कोडा व्हिएतनाममध्ये २०२३ ला उतरली तेव्हा तिथल्याच एका मोठ्या गटाला वितरक घेतलं, मग २०२५ मध्ये तिथं कारखाना सुरू केला आणि जोडणीचे सुटे संच आपल्या पुण्यातून जायला लागले. टाटांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मोटारींची विक्री पुन्हा सुरू केली तेव्हा मोटस हा तिथला वितरक धरला. स्वतः बनवणारेसुद्धा विकायला तिथलाच माणूस घेतात. मग लातूरच्या माणसाची त्या साखळीत जागा कोणती? गाडी बनवत नाही, तिथलं गिऱ्हाईक ओळखत नाही. मला तर एकच दिसते: पैसे पुरवणारा. आणि पैसेच पुरवायचे असतील तर शोरूमचा फोटो दाखवायची गरज नाही, सरळ व्याजाचा दर विचारा.

मांजराकाठ

शेंद्राभाऊ, टोचलं, पण बरोबर आहे. दादाला सगळा धागा वाचायला दिला. दोन दिवस बोलला नाही. मग स्वतःच मेल केला पार्टीला: कंपनीचं नियुक्तीपत्र आणि २०२० ते २०२४ चे ताळेबंद पाठवा.

उत्तर आलंय. पत्र नाही. ताळेबंद मात्र आले, आणि शाखाधिकारी काकांनी विचारलेलं त्यातच सापडलं. गाडीविक्रीचा आकडा बंदीनंतर जवळजवळ शून्य. पण वर्कशॉपचं उत्पन्न दरवर्षी वाढत गेलंय. जुन्या जपानी गाड्यांची इंजिनकामं, डेंटिंग-पेंटिंग, हायब्रिडच्या बॅटऱ्या. लोकांना नवी गाडी मिळत नव्हती म्हणून जुनीच दुरुस्त करत राहिले. माणूस खोटा वाटत नाही. फक्त जे चाललंय ते सोडून जे चाललं नाही त्यात आमचे पैसे मागतोय.

निवृत्त_शाखाधिकारी

ताळेबंद न मागता पाठवले असते तर आणखी बरं वाटलं असतं. पण मागितल्यावर पाठवले, हेही थोडं नाही. आता त्याला विचारा की वर्कशॉप वाढवायला पैसे पाहिजेत का. त्याच्या उत्तरावरून पुढचं ठरवा.

औंढ्याचा_मुसाफिर

आणि वर्कशॉपमध्ये जायचं ठरलंच तर पैशाआधी माणूस पाठवा. तुमच्याकडचा एखादा जुना फोरमन, इंजिन आवाजावरून ओळखणारा. त्याला तिथं महिनाभर ठेवा. गाड्या किती येतात, पैसे रोख किती आणि उधारी किती, भाग कुठून येतात, सगळं तो जेवताना सांगेल. ताळेबंदात ते येत नाही.

मांजराकाठ

फोरमन आहेत, आप्पांच्या वेळेपासूनचे. पासपोर्ट नाही त्यांचा. विचारलं तर म्हणाले, "तिकडं भाकरी मिळती का?"

जालना_मोंढा

भात मिळतो म्हणावं. पासपोर्टचा अर्ज आधी भरा, भाकरीचं नंतर बघू.

नांदेड_सीएताई

एक राहिलं. काहीही सही करायच्या आधी, अगदी साधं इरादापत्र असलं तरी, वाद झाला तर लवाद कुठल्या शहरात आणि कुठल्या कायद्यानं चालणार ते कलम वाचा. कोलंबो लिहिलं असेल तर सिंगापूर करून मागा. आणि हमीचं कलम कुठं दिसलं तर मला फोटो पाठवा, त्यावर परस्पर सही करू नका. व्यक्तिगत निरोप पेटीत लिहा, इथं उघड्यावर नको.